‘होऊन जाईल’ म्हणू नका: जपानी सहकाऱ्यांसोबत या चुका टाळा

चाकणला मी प्लॅनिंग बघतो. जपानहून आलेली माणसं आमच्याकडे दोन-तीन वर्षं राहतात, मग दुसरी येतात. दर खेपेला बिनसतं ते त्याच त्या गोष्टींवरून.

सगळ्यात महागात पडतं ते ‘होऊन जाईल’. भोसरीहून येणारं फिक्स्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारं साधन) शुक्रवारच्या ट्रायलला मिळणार नाही, हे मला सोमवारीच कळलं होतं. व्हेंडरच्या मागे लागून काढू, आत्तापासून कशाला बोंब मारायची, म्हणून गप्प बसलो. मीटिंगमध्ये जपानी इंजिनिअरने विचारलं, तेव्हाही ‘होऊन जाईल’च म्हणालो. गुरुवारी संध्याकाळी खरं सांगावं लागलं. तो चिडला नाही. वहीत तारीख टिपली. त्यानंतर मी ‘माल आलाय’ म्हटलं की तो स्वतः स्टोअरमध्ये जाऊन नग मोजायचा.

त्यांच्याकडे नोकरीला लागलेल्या माणसाला आधी ‘होरेनसो’ शिकवतात: होकोकु म्हणजे झालेलं सांगणं, रेनराकु म्हणजे कळवत राहणं, सोदान म्हणजे अडलं की विचारणं. (होरेनसो म्हणजे पालकाची भाजीसुद्धा, त्यामुळे लक्षात राहतं.) अडचण लवकर सांगितली तर कुणी कमी लेखत नाही, लपवली तर मात्र संपलं. ‘शुक्रवार अवघड दिसतोय, बुधवारी दुपारी पक्कं सांगतो’ म्हणा. आणि बुधवारी नवीन काही नसलं तरी फोन करा.

उलट बाजूने आपणही फसतो. त्यांचं ‘हाय’ (जपानीत ‘हो’) म्हणजे दर वेळी होकार नसतो. फोनवर आपण ‘हं, हं’ करतो तसं ते असतं. ‘जरा कठीण आहे’ असं म्हणून दातांतून हवा ओढली, की नाही समजायचं. तिथे ‘सर, प्लीज’ करत बसू नका.

नवी कल्पना थेट भरल्या मीटिंगमध्ये मांडणं ही आमच्या पोरांची आवडती चूक. समोर सगळे गप्प. आधी एकेकाला गाठून कागद दाखवा, शंका तिथेच मिटवा. याला ते ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करतात ना, तसं. आपल्याला हे लॉबिंग वाटतं, मलाही वाटायचं.

बाकी किरकोळ. आपले सकाळचे नऊ म्हणजे तिकडचे साडेबारा, ऐन जेवणाची वेळ. कॉल दहाला ठेवा. गणपतीची सुट्टी आदल्या आठवड्यात नाही, जूनमध्येच सांगा. ‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’, ते स्वतःच्या नावाला लावू नका. जपानी माणसासमोर मराठीत हसलात तर विनोद इंग्रजीत सांगून टाका, कितीही पडेल असला तरी.

विश्वास आधीच गेला असेल तर माफीची लांबलचक मेल लिहू नका. छोट्या तारखा द्या आणि पाळा. माझी अकरा आठवडे मोजणी चालली. ती थांबली हे त्या इंजिनिअरने कधी सांगितलं नाही, स्टोअरवाल्या काकांनी सांगितलं.