तेरा सेकंदांआधीची चाळीस मिनिटं

जुलैतल्या एका संध्याकाळी मिशिगनमधल्या मिलान ड्रॅगवेवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर, मी लागोपाठ तीन रन मारल्या. पहिली १३.९६ सेकंदांची, दुसरी १४.१७, तिसरी १४.४१. गाडी तीच, टायर तेच, पेट्रोल तेच. पाव मैलाच्या टोकाला नोंदला जाणारा वेग मात्र ताशी ९८.९ मैलांवरून ९५.७ वर आला होता. सुटताना मागची चाकं जागेवर फिरली तर वेळ वाढते, पण शेवटचा वेग फारसा हलत नाही. इथे वेगच पडला होता, म्हणजे इंजिनाची ताकद गेली होती. बॉनेट उघडून मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागावर) हात ठेवायला गेलो आणि चटका बसून मागे घेतला. तिथून पुढे दोन उन्हाळे मी या एकाच गोष्टीच्या, म्हणजे या उष्णतेच्या, मागे होतो.

पुण्याकडून इथे एमएस करायला येणाऱ्या मुलांपैकी एखाददुसरा दर वर्षी विचारतो, की गाडीवर स्वतः काम करायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय. गावाच्या नावाचा उच्चार इथे ‘मायलन’ असा करतात, हेही आधीच सांगून ठेवतो. गेटवर इटलीतलं मिलान म्हणालात तर कोणालाही पटकन कळत नाही.

माझी गाडी २००३ ची फोर्ड एफ-१५० एसव्हीटी लाइटनिंग. पिकअप ट्रक, वजन २,१०० किलोच्या वर, ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्याच्या डोक्यावर ईटनचा एम११२ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र. कंपनीने सांगितलेली ताकद ३८० हॉर्सपॉवर. ही दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर सुपरचार्जरच्या खाली, मॅनिफोल्डच्या पोटात बसतो आणि त्यात पाणी खेळतं. एक छोटा विजेवरचा पंप ते पाणी पुढच्या जाळीमागच्या हीट एक्सचेंजरकडे नेतो, गार करून परत आणतो. इंजिनाच्या रेडिएटरशी या पाण्याचा संबंध नाही. ही दोन वेगळी पाणी आहेत, हे पहिल्याच दिवशी डोक्यात पक्कं करा.

हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं. बाहेर ३० अंश सेल्सिअस असताना ८ पीएसआय बूस्ट (वातावरणाच्या वरचा दाब) धरला आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या जरा खाली मानली, तर बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या आसपास येते. इतकी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली तर नॉकिंग होऊन, म्हणजे इंधन ठिणगीविना आपोआप पेटून, पिस्टन फुटू शकतो. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर इंटरकूलरनंतरच्या सेन्सरवर नजर ठेवतो आणि तापमान चढलं की स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद घटते. माझे गेलेले तीन मैल त्यानेच, इंजिन वाचवायला, काढून घेतले होते.

पहिला खर्च मी चुकीच्या जागी केला. तिप्पट जाडीचा हीट एक्सचेंजर घेतला आणि एका दुकानात बसवून घेतला. हायवेवर फरक दिसला. ट्रॅकवर तिसरी रन तेवढीच मंद. कारण रांगेत उभ्या असलेल्या गाडीच्या जाळीतून वाराच जात नाही. शुक्रवारी रात्री मिलानला स्टेजिंग लेनमध्ये, म्हणजे रनची पाळी येईपर्यंतच्या रांगेत, चाळीस मिनिटं सहज जातात. इंजिन ९० अंशांवर, त्यावर बसलेलं अॅल्युमिनियम हळूहळू तेवढंच तापतं, आणि पुढे कितीही मोठी जाळी लावली तरी तिला ते कळत नाही.

मग मी वही काढली. हे काम खरं तर आधी करायचं होतं. या इंजिनातून पूर्ण जोरात साधारण सेकंदाला ०.३ किलो हवा जाते. ती ६० अंशांनी गार करायची तर सुमारे १८ किलोवॉट उष्णता काढावी लागते. चौदा सेकंदांत झाले साधारण २५० किलोज्यूल. ती बर्फाने काढायची म्हटली, तर एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे एका रनला हिशोबाने पाऊण किलो बर्फ पुरतो! हा आकडा मी तीनदा तपासला, कारण ट्रॅकवरची मंडळी हे पाणी गार करायला दहा-दहा किलो बर्फ ओतताना मी पाहत होतो. उत्तर धातूत होतं. सुपरचार्जर, मॅनिफोल्ड आणि आजूबाजूचं मिळून तीस किलो अॅल्युमिनियम धरलं आणि ते पन्नास अंशांनी खाली आणायचं म्हटलं, की १,३५० किलोज्यूल लागतात. चार किलो बर्फ तिथेच गेला. म्हणजे खरी लढाई रनच्या चौदा सेकंदांत नाहीच. ती रांगेत होते, आणि बर्फही रांगेतच खर्च होतो.

त्यानंतरची सगळी कामं याच हिशोबाने लावली.

आधी पंप. नवा मागवण्याआधी जुना मोजा. परतीची नळी काढून १० लिटरच्या बादलीत सोडली, वरून पाणी ओतत राहिलो आणि घड्याळ लावलं. बादली भरायला ६८ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ९ लिटरही नाही. एवढ्या प्रवाहात १८ किलोवॉट टाकले की पाणी एका फेरीत जवळजवळ ३० अंशांनी तापतं, इंटरकूलरच्या शेवटच्या भागात पोचेपर्यंत ते गार उरतच नाही. नळी तपासत गेलो तर बॅटरीच्या खाली ती मुडपलेली सापडली. ती सरळ केल्यावर, पंप तोच असताना, बादली ५१ सेकंदांत भरली. मोठा पंप लावल्यावर २२ सेकंदांवर आली. पंप शोषणाऱ्या बाजूला मऊ नळी लावू नका, ती आत चेपते आणि बाहेरून दिसतही नाही.

मग एअर. लाइनमध्ये एअर राहिली तर सगळा खर्च पाण्यात. गाडीचं नाक चढावर ठेवून, सर्वात उंच जागेवरचं झाकण उघडून, पंप चालू-बंद करत बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं. मला पाऊण तास लागला. पंपाचा आवाज बदलतो, आधी खरखरतो आणि मग एकसारखा घुमायला लागतो. तो आवाज ओळखायला शिका.

बर्फाची टाकी मागच्या बेडमध्ये, म्हणजे उघड्या हौद्यात, ठेवली, पट्ट्यांवर न विसंबता बोल्टने फ्रेमपर्यंत आवळून. पिकअपची मागची बाजू हलकी असते, त्यामुळे वीस किलो वजन मागच्या चाकांवर आलं ते पकडीलाही बरंच. टाकी भरताना मला घरचा आइस्क्रीमचा पॉट आठवला. मे महिन्यात आजोळी आम्ही पोरं आळीपाळीने दांडा फिरवायचो आणि आजी ओरडायची, ‘नुसता बर्फ भरू नका रे, पाणी सुटू दे, ते डब्याला लागलं पाहिजे.’ इथेही तेच. निव्वळ बर्फ भरला तर पंपाला ओढायला पाणी मिळत नाही आणि खड्यांमधल्या पोकळ्या नुसत्या राहतात. अर्धा बर्फ, अर्धं पाणी. पाणी तळातून घ्यायचं, जाळी लावून, आणि परतीचं पाणी समोरच्या बाजूने वर सोडायचं, म्हणजे त्याला बर्फातूनच यावं लागतं. आजी बर्फात खडेमीठ टाकायची, ते मात्र इथे चालत नाही. इंटरकूलर अॅल्युमिनियमचा आहे, मीठ त्याला खाऊन टाकेल.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. पाणी पाच अंशांवर असताना हीट एक्सचेंजर लाइनमध्ये ठेवला, तर तो बाहेरच्या ३० अंशांच्या हवेने पाणी तापवतो. म्हणून दोन थ्री-वे व्हॉल्व्ह बसवले. रस्त्यावर पाणी पुढच्या जाळीकडे जातं, ट्रॅकवर थेट टाकीकडे. आणि पंपाला स्वतंत्र रिले, फ्यूज आणि स्विच, म्हणजे इंजिन बंद असतानाही पाणी फिरत राहतं. रांगेत इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, पंप चालू ठेवा. या एका सवयीला माझ्याकडे बर्फाच्या बरोबरीचं महत्त्व आहे, आणि तिला जवळजवळ काहीच पैसे पडत नाहीत.

२०१८ च्या डॉज चॅलेंजर डेमनमध्ये कंपनीने एसीच्या गॅसनेच हे पाणी गार करायची सोय दिली होती. पद्धत सुंदर आहे. पण शिकायला बर्फ बरा, कारण त्यात प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते.

नियमांचं थोडक्यात सांगतो. एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत १३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला हेल्मेट लागतं, आणि माझ्या ट्रकसारख्या जुन्या गाडीला ११.४९ पासून रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा पोलादी नळ्यांचा सांगाडा. कूलंट सांडू नये म्हणून निदान १६ औंसांचा, म्हणजे अर्धा लिटरच्या आसपासचा, कॅच कॅन (बाहेर आलेलं कूलंट धरणारा डबा) हवा. ट्रॅकवर सांडलेलं पाणी ही साधी गोष्ट नाही. माझ्या टाकीचं झाकण एकदा नीट बसलं नव्हतं, बर्नआउटच्या वेळी (सुटण्याआधी टायर जागेवर फिरवून तापवताना) पाणी उसळलं आणि अधिकाऱ्याने मला सुरुवातीच्या रेषेवरून परत पाठवलं. त्याचं बरोबर होतं, माझ्या मागून येणाऱ्याची चाकं त्यावर सुटली असती. पाणी गोठू न देणारं ग्लायकॉल तर आणखी निसरडं, म्हणून उन्हाळ्यात मी साधं पाणी आणि गंजरोधक एवढंच वापरतो. पण मिशिगनमध्ये ऑक्टोबर संपायच्या आत पाणी काढून ग्लायकॉल भरायला विसरलात, तर पहिल्या कडक थंडीत इंटरकूलर फुटेल. आणि रोजच्या गाडीचा विमा सहसा ट्रॅकवर लागू होत नाही, पॉलिसी नीट वाचा.

थंड हवा मिळाली म्हणून लगेच सुपरचार्जरला छोटी पुली लावून बूस्ट वाढवायची घाई करू नका. हवा दाट झाली की इंधनही जास्त लागतं. इंजेक्टर आणि फ्युएल पंप पुरे पडतात का, हे गाडीच्या कॉम्प्युटरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, पाहिल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे इंजिन पणाला लावणं. मी पूर्ण एक उन्हाळा मूळ पुलीवरच काढला, आणि मला त्याचा अजून आनंद आहे.

नोकरीच्या मुलाखतीत याचा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी कूलिंगच्या कामासाठी मुलाखत होती. विचारलं, ‘फास्ट चार्जिंगच्या वेळी गाडी उभी असते, वारा नाही, उष्णता कुठे नेशील?’ मी स्टेजिंग लेनपासून सुरुवात केली, बादली आणि घड्याळ सांगितलं, अॅल्युमिनियमचा हिशोब फळ्यावर मांडला. समोरच्या बाईंनी पुढचा अर्धा तास फक्त नळीच्या मुडपलेल्या जागेबद्दल विचारलं, ती कशी सापडली, आधी काय तपासलं होतं. काम मिळालं. म्हणून मुलांना सांगतो, रेझ्युमेवर हॉर्सपॉवर लिहू नका, तुम्ही काय मोजलं ते लिहा.

माझ्या वहीत प्रत्येक रनला एक ओळ आहे: बाहेरचं तापमान, रांगेत किती मिनिटं, सुटताना इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, टोकाला तेच तापमान, वेळ, वेग. त्या पहिल्या संध्याकाळच्या तिसऱ्या रनसमोर ७१ अंश, ८८ अंश असं लिहिलंय. दोन वर्षांनंतरच्या तशाच एका गरम शुक्रवारची तिसरी रन अशी आहे: बाहेर ३१, रांग ४२ मिनिटं, सुटताना २४, टोकाला ३९, १३.७९ सेकंद, १००.६ मैल. कडेला पेन्सिलने लिहिलंय, ‘मॅनिफोल्डवर हात ठेवता येतो.’