सर्वेक्षणात ‘घेईन’ म्हणतात, प्रत्यक्षात घेत नाहीत: माझा अनुभव

लक्षण असं: बचत गटाच्या शेंगा चटणीच्या पाव किलो पाकिटाला किती द्याल, असं नवी पेठेत विचारलं की लोक मोठा आकडा सांगायचे. त्याच भावाने पाकीट ठेवलं की खपत नव्हतं.

आधी जास्त माणसं विचारली. चूक तेवढीच राहिली. मग ‘असं विचारलं की लोक प्रत्यक्षात देतील त्यापेक्षा जास्त आकडा सांगतात, तुम्ही खिशाचा विचार करून सांगा’ अशी सूचना वाचून दाखवली (कमिंग्ज आणि टेलर या संशोधकांची 1999 ची पद्धत). थोडा फरक पडला, पुरेसा नाही. दोन महिने वाया गेल्याचा फार त्रास झाला.

उपाय सापडला तो 1964 चा, बेकर, डीग्रूट आणि मार्शाक या संशोधकांचा. क्रम बदलू नका. आधी चटणी चाखायला द्या. खरोखर पैसे द्यावे लागतील हे सांगा. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर एकदा सराव करून घ्या. मग जास्तीत जास्त भाव कागदावर लिहून घ्या. शेवटी वेगवेगळे भाव लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या डब्यातून न बघता एक चिठ्ठी काढायला लावा. चिठ्ठीचा भाव लिहिलेल्याइतका किंवा कमी निघाला, तर चिठ्ठीच्याच भावाने विक्री. जास्त निघाला तर विक्री नाही. आपण लिहिलेल्या आकड्यावर किंमत ठरत नाही, म्हणून कमी-जास्त लिहून फायदा नसतो. हे सरावातच पटतं, तो गाळू नका.

एका आजींनी 120 लिहिले, पाकीट हुंगलं, कनवटीचे पैसे मोजले आणि चिठ्ठी काढण्याआधी खोडून 80 केले. मला हवा होता तो हाच आकडा.

चिठ्ठ्यांवरचे भाव मात्र आधी दाखवू नका. लोक त्यांच्याच आसपास लिहितात.