परसातील कोंबड्यांची निगा: या चुका टाळा

परसात आठ-दहा कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांत सकाळी खुराडे उघडून मूठभर दाणे टाकले जातात, तिन्हीसांजेला डोकी मोजून दार लावले जाते आणि मधल्या वेळेत कोंबडी आपले आपण पाहून घेईल असे गृहीत धरले जाते. पुढच्या बऱ्याच चुका या दुर्लक्षातूनच निघतात. कोंबडी आपला आजार लपवते, कारण दुबळी दिसणारी कोंबडी शिकाऱ्याकडून आधी हेरली जाते आणि बाकीच्या कोंबड्याही तिला टोचू लागतात. त्यामुळे ती पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली दिसते तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो.

म्हणून खुराडे उघडल्यावर काही मिनिटे तिथेच थांबावे आणि सर्वांत शेवटी कोण बाहेर येते, दाण्याकडे कोण धावत नाही, कोणाचा तुरा फिका किंवा काळपट पडला आहे, हे पाहावे. कोंबड्या रात्री दांडीवर बसल्या की गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. ती रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही टणक किंवा पाणी भरल्यासारखी लागत असेल तर अन्न पुढे सरकत नाही. त्याच वेळी छातीचे हाडही चाचपून पाहावे, कारण दाट पिसांखाली रोडावलेली कोंबडी दिवसा डोळ्यांना धष्टपुष्टच दिसते.

विष्ठा पाहण्यात दोन्ही बाजूंनी चूक होते. दिवसातून काही वेळा कोंबडी गडद तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची विष्ठा टाकते. ती आतड्याच्या वेगळ्या भागातून येते आणि तिला हगवण समजून औषध देणे हे विनाकारण आहे. उलट तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये, कारण रक्ती हगवणीने पिल्ले पटापट दगावतात. तिचे मूळ बहुधा ओल्या गादीत, म्हणजे खुराड्यात अंथरलेल्या तुसाभुशात असते. पावसाळ्यात भाताचे तूस किंवा भुसा पाण्याच्या भांड्याभोवती सतत भिजत राहतो आणि माणूस उभ्या उभ्याच खुराड्यात डोकावत असल्यामुळे त्याला ओल्या गादीतून निघणारा उग्र वायू जाणवत नाही. कोंबडीच्या उंचीवर खाली वाकून श्वास घेतल्यावर डोळे चुरचुरले तर गादी त्याच दिवशी बदलावी.

अंडी थांबली की लगेच टॉनिकची बाटली आणण्याची आपल्याकडे मोठी घाई असते. आधी कारण शोधावे. कोंबडी पिसे गाळत असेल तर दोन-तीन महिने अंडी न मिळणे स्वाभाविक आहे. अंडी नियमित मिळण्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो आणि महाराष्ट्रात डिसेंबरचा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, त्यामुळे हिवाळ्यातली घट हा आजार नव्हे. गावरान कोंबडी खुडूक बसली असेल तर तीही अंडी देत नाही. पिल्ले नको असल्यास तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवावे, पाण्यात बुडवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. मोकळ्या सुटणाऱ्या कोंबड्या कुंपणाच्या झुडपात किंवा सरपणाच्या ढिगामागे अंडी घालत नाहीत ना, हेही पाहावे. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला नाखूश असतील तर रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटी तपासाव्यात, कारण रक्त शोषणारे तांबडे किडे दिवसा तिथे दडून बसतात आणि रात्री बाहेर पडतात; अशा वेळी कोंबडीइतकेच खुराडेही स्वच्छ करावे लागते.

अंड्याचे कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे जिला हवा ती खाईल. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि तेवढे पिल्लांच्या मूत्रपिंडांना अपाय करते. सर्वांना एकाच भांड्यातून हे अंड्यावरच्या कोंबड्यांचे (लेयर) खाद्य घालणे म्हणूनच चुकीचे आहे. बुरशी धरलेला मका किंवा भुईमुगाची पेंड तर ‘कोंबड्यांना चालते’ म्हणून कधीच घालू नये, कारण तिच्यातले विष यकृतावर घाला घालते.

सर्वांत महाग पडणारी चूक लसीकरणाची. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा कळपात शिरली की तिच्यावर औषध नाही, आणि शेजारच्या आळीत कोंबड्या मेल्यावर केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन द्यावे लागते. लस जिवंत असते. ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत १०० किंवा अधिक मात्रा असतात, त्यामुळे दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार, असे म्हणून घरोघरी टाळाटाळ होते. त्यावर आळीतल्या चार-सहा घरांनी एकच दिवस ठरवणे हा सोपा उपाय आहे. आठवडी बाजारातून आणलेली नवी तलंग (तरुण कोंबडी) थेट कळपात सोडण्याची सवयही मोडायला हवी. तिला निदान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून तिचे दाणापाणी शेवटी करावे.

कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात ती चोच उघडी ठेवून धापते. त्या दिवसांत पाणी दुपटीने लागते आणि भांडे सावलीत नसेल तर गरम पाणी ती पीतच नाही. दुपारी दाणे न घालता ते सकाळ-संध्याकाळ घालावेत.

षट्कोनी जाळीने कोंबडी आत राहते, पण ती मुंगसाला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वापरावी आणि तिची कड जमिनीत पुरावी.

एकाच दिवशी दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या तर उरलेल्या कापून खाण्याची किंवा घाईने विकण्याची प्रवृत्ती फार जुनी आहे. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला, हे महाराष्ट्रातल्या कोंबडीपालकांनी तरी विसरू नये. मेलेला पक्षी उघड्या हातांनी हाताळू नये, ओढ्यात टाकू नये आणि मृत्यूचे कारण कळण्याआधी पुरूनही टाकू नये. तो झाकून ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे आणि तिथून सांगतील त्याप्रमाणे त्याची तपासणी व विल्हेवाट करावी.