फक्त १०९८: चहावाल्या पोराचा छापा

पाट्या रंगवायचा माझा धंदा फ्लेक्सने केव्हाच खाल्ला, पण छापा, म्हणजे रंग थापटायची स्टेन्सिल, कापायचा हात अजून शाबूत आहे. दिवाळीच्या खरेदीला नाशिकचा मेन रोड फुलला की शेजारच्या गल्लीत भिंतीवर मी एक पोरगं उभं करतो. हातात चहाच्या ग्लासांची जाळी, कानाला दुकानातल्या मालाला असतं तसं किमतीचं लेबल.

आधी भिंत. मालकाची परवानगी कागदावर घ्या. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ पासून कायदा आहे. गोदाघाटाच्या दगडाला तर हातच लावू नका. भिंतीवर तळवा घासून बघा. पांढरा झाला तर चुना सुटतोय. प्रायमरचा हात मारल्याशिवाय रंग धरणार नाही.

छाप्याला जुन्या एक्स-रे फिल्मसारखी वस्तू नाही. भिजत नाही, ब्लेडने लोण्यासारखी कापते. १४ बाय १७ इंची आठ फिल्म घ्या, आडव्या दोन, खाली चार ओळी. चिकटपट्टीने जोडल्या की साडेचार फुटी पोरगं बसतं. पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. वर टांगलेलं चित्र लोक जाहिरात समजून पुढे जातात.

जाळीच्या बाजूचा खांदा खाली ओढलेला काढा. अकराव्या वर्षी मी रविवार कारंजावर तीच वाहत होतो, कुठल्या हॉटेलची ते जाऊ द्या. चेहरा मात्र खऱ्या मुलाचा नको. कपाळावर टोपीची सावली टाकली की भागतं.

२०१२ मध्ये लंडनला बँक्सी या नाव लपवून भिंती रंगवणाऱ्या चित्रकाराने स्वस्त मालाच्या दुकानाच्या भिंतीवर शिवणयंत्राशी बसलेला, ब्रिटनचे झेंडे शिवणारा मुलगा रंगवला. पुढच्याच वर्षी कुणीतरी भिंतीचा तेवढा तुकडा कापून लिलावात नेला. निषेधाचाही माल झाला! आपल्या भिंतीला ती भीती नाही.

अक्षरं लहान, पण तिथेच नवखे फसतात. शिरोरेषा सलग कापली की छापा लोंबतो. मध्ये मध्ये बोटभर जागा सोडा. ‘क’चं आणि शून्याचं पोट गळून पडतं, त्याला दोन बारीक पट्ट्यांनी धरून ठेवा.

रंग घट्टच हवा. स्पंज बुडवून आधी रद्दीवर टिपा, मग छाप्यावर थापटा, फासू नका. पातळ रंग छाप्याखाली शिरतो आणि पोराच्या नाकाला ओघळ येतो. पहिला हात वाळला की दुसरा.

लेबलवर लिहायचं ‘फक्त १०९८’. पिशव्या सांभाळत माणसं जवळ येतात, कशाची किंमत म्हणून वाकून बघतात. खाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ असते: ‘चौदा वर्षांखालचं मूल हॉटेलात, दुकानात राबताना दिसलं तर हा नंबर लावा. फोन फुकट आहे.’