संस्थेत माणसं घेताना या चुका टाळा

प्रकल्प मंजुरीचं पत्र आलं की स्वयंसेवी संस्थांमध्ये एकच धावपळ सुरू होते: पंधरा दिवसांत सगळ्या जागा भरा. त्यानंतर वर्षभर जे निस्तरत बसावं लागतं, त्याची मुळं बहुतेक वेळा प्रस्तावाच्या बजेटमध्येच असतात.

बजेटमध्ये नुसता पगार लिहिणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. प्रस्तावात लिहितात, क्षेत्र समन्वयक ४, दरमहा १८,०००. मुलाखतीत सांगतात, "अठरा मिळतील." देणगीदाराला वाटतं, अठरात सगळं आलं. उमेदवाराला वाटतं, अठरा हातात पडणार. दोघांचाही गैरसमज संस्थेनेच करून दिलेला असतो.

समजा मूळ पगार १५,०००, भत्ते ३,००० आणि संस्थेला पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दोन्ही लागू आहेत. कर्मचाऱ्याचे पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयचा पाऊण टक्का म्हणजे १३५, पुरुष असेल तर व्यवसायकर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात उरतात १५,८६५. तिकडे संस्थेला वरून भरायचे असतात पीएफ, त्याला जोडलेला विमा आणि प्रशासकीय आकार मिळून १३ टक्के म्हणजे १,९५०, ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५ आणि ग्रॅच्युइटीच्या तरतुदीचे ७२२. एका माणसाचा खरा खर्च २१,२५७. चौघांचा वर्षाचा खड्डा दीड लाखाच्या वर जातो.

पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहिल्या महिन्याची स्लिप घेऊन समन्वयक अकाउंटंटच्या टेबलाशी उभा राहतो, "साहेब, दोन हजार कुठे गेले?" बारा महिन्यांसाठी ठेवलेलं पगाराचं हेड (बजेटमधली तरतूद) दहा महिन्यांत रिकामं होतं. मग फेब्रुवारी-मार्चचे पगार प्रशिक्षणाच्या हेडमधून काढले जातात आणि युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर) सही करायची वेळ आली की ऑडिटर पेन खाली ठेवतो.

एक्सेलमध्ये पगाराला तीन रकाने करा: हातात किती, स्लिपवर एकूण किती, संस्थेला पडतो किती. उमेदवाराला पहिले दोन दाखवा, देणगीदाराला तिसरा.

यावर हुशारांनी काढलेला तोडगा म्हणजे पगाराला 'मानधन' म्हणायचं. हजेरीपटावर रोज सही, रजेला अर्ज, दिवसाची कामं वरून ठरलेली, आणि माणूस म्हणे सल्लागार! पीएफच्या चौकशीत हे नाव टिकत नाही. मागची वर्गणी व्याज आणि दंडासकट भरावी लागते, आणि तेव्हा कर्मचाऱ्याचा हिस्साही बहुधा संस्थेच्याच अंगावर येतो.

मुलाखत पुण्यात, काम धडगावात

उमेदवाराचं फाडफाड इंग्रजी, सुबक पीपीटी, एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला) पहिला वर्ग. पॅनेल खूश. तिकडे नंदुरबारच्या धडगावात, पाड्यावर बायका पावरी या आदिवासी बोलीत बोलतात, त्यामुळे हा प्रत्येक वाक्याला अंगणवाडी सेविकेकडे बघतो. बचत गटाची बैठक बायका शेतातून आल्यावर, म्हणजे सातनंतर भरते. याची शेवटची एसटी त्याआधीच सुटलेली असते. दुचाकी चालवता येते का, लायसन्स आहे का, हे कुणी विचारलेलंच नसतं. दिवाळीला घरी गेलेला माणूस परत येत नाही, फक्त व्हॉट्सॲपवर राजीनामा येतो.

शेवटच्या दोघा-तिघांना नेमणूकपत्राआधी एक दिवस फील्डवर न्या. त्या दिवसाचं भाडं, जेवण आणि रोजंदारी संस्थेने द्यावी. न्यायचं ते एसटीने. ऑफिसच्या बोलेरोतून नेलं तर काहीच कळत नाही. बैठकीत त्याला मागे बसवा आणि परतल्यावर अर्धं पान लिहायला सांगा: कोण बोललं, कोण गप्प होतं, का. भाषणबाजी करणारे इथे आपोआप गळतात. एक दिवस वाया जातो म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबरात पुन्हा जाहिरात द्यायची तयारी ठेवावी.

बाकीच्या, थोडक्यात

जाहिरातीत पगाराचा आकडा हवाच. 'समाजकार्याची आवड हवी' एवढंच लिहिलं, की ती संस्था पगार कमी देते हे लोकांना कळतं.

नेमणूकपत्रात मुदत संपण्याची तारीख, नोटीसचा काळ आणि ग्रँट मध्येच थांबली तर काय, हे तिन्ही लिहा. तोंडी "बघू, पुढचा फेज येईलच" म्हणू नका.

परदेशी निधीवर माणूस घेताना तो प्रशासकीय खर्चात मोडतो का, ते आधी सीएला विचारा. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा अशा निधीच्या ५० टक्क्यांवरून २० वर आली आहे. शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत, ऑफिस मॅनेजरचा धरतात.

दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लागतेच, बाहेरच्या सदस्यासकट. 'आमचे तर स्वयंसेवक' ही पळवाट नाही. २०१३ चा कायदा बिनपगारीलाही कर्मचारी मानतो.

मुलांसोबत काम असेल तर पोलिसांची चारित्र्य पडताळणी स्वयंपाकी आणि ड्रायव्हरचीही करा. नेमकी तीच राहून जाते.

विश्वस्ताचा भाचा अर्जदार असेल तर त्या विश्वस्ताने पॅनेलवर बसू नये, आणि तसं मिनिट्समध्ये लिहावं.

आधीच्या संस्थेत चौकशी करताना संचालकांना फोन करून थांबू नका. ते सगळ्यांबद्दल चांगलंच बोलतात. तिथल्या अकाउंटंटला गाठा आणि एकच विचारा: उचल घेतल्यावर बिलं किती दिवसांत आणून द्यायचा?