पालेभाज्या आणि कंदमुळे : पोषणमूल्यांची तुलना कशी करावी

‘पालक चांगला की गाजर?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं. त्यापेक्षा सुरुवात बीटापासून करा, पानांसकट. पानं आणि कंद एकाच रोपाचे, एकाच मातीतले, त्यामुळे फरक स्वच्छ दिसतो.

पायरी १ : माप एकच ठेवा. पोषणमूल्यांच्या तक्त्यातून दोन्हींचे आकडे १०० ग्रॅम कच्च्या भाजीचे घ्या. एक कच्ची आणि दुसरी शिजलेली धरली की हिशेब तिथेच फसतो. बीटाच्या कंदात साधारण १६ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पानांत ११७. लोह कंदात ०.८ मिलिग्रॅम, पानांत २.६. कॅलरी मात्र उलट्या : कंदात ४३, पानांत २२. पान उन्हात अन्न तयार करतं आणि मूळ ते साठवून ठेवतं, म्हणून गोडवा खाली जमतो. आणि आपण बहुतेक वेळा पानंच खुडून टाकतो!

पायरी २ : आकडा ताटात आणा. ही पायरी सगळेच गाळतात, आणि खरी गंमत इथेच आहे. १०० ग्रॅम गाजर म्हणजे दीड-दोन मध्यम गाजरं, सहज खाल्ली जातात. १०० ग्रॅम कच्चा पालक म्हणजे पातेलंभर ढीग. शिजवला की तोच आळून अर्ध्या-पाऊण वाटीत मावतो, म्हणून भाजी केलीत तर तक्त्यातला आकडा बराचसा पदरात पडतो. सॅलडमध्ये मात्र पानं जेमतेम ३० ग्रॅम भरतात. तक्त्यातल्या २.७ मिलिग्रॅम लोहाचं तिथे ०.८ होतं, म्हणजे १०० ग्रॅम बीटाएवढंच.

पायरी ३ : अंगी किती लागतं ते बघा. पालकात कॅल्शियम ९९ मिलिग्रॅम दिसतं, पण पालकातच असलेलं ऑक्सलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं आणि शरीराला त्यातलं जेमतेम पाच टक्के मिळतं. कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका. भाज्यांमधलं लोह शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते, तेव्हा वर लिंबू पिळा. गाजरातलं बीटा कॅरोटीन (यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) थोड्या तेला-तुपासोबत जास्त लागू पडतं. पानं उकळून पाणी ओतून दिलंत तर क जीवनसत्त्व आणि फोलेट (एक ब जीवनसत्त्व) यांचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो.

पायरी ४ : गरज ठरवा, मगच निवडा. फोलेट आणि के जीवनसत्त्व हवं असेल तर पालेभाजी. अ जीवनसत्त्वात गाजर पुढे : १०० ग्रॅममागे सुमारे ८३५ मायक्रोग्रॅम, पालकात ४६९. केशरी गराचं रताळंही मागे नाही. पांढऱ्या गराच्या रताळ्यात मात्र ते नावालाच असतं. पोट भरायचं, ताकद हवी, तर बटाटा (७७ कॅलरी) किंवा रताळं (८६). तंतूंच्या बाबतीत पालेभाजीचा उगाच बोलबाला आहे : पालकात २.२ ग्रॅम, गाजरात २.८.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल, तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नका. के जीवनसत्त्वाचं प्रमाण बदललं की औषधाचा परिणामही बदलतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला. ऑक्सलेटचे मूतखडे झालेल्यांनीही पालक आणि बीट दोन्हींबद्दल विचारून घ्यावं.