डॉट इन नाव घेताना पहिल्या वर्षाच्या भावाला भुलू नका

देवगडला आंब्याच्या पेट्या विकणारे असोत की तारकर्लीला घरगुती खोल्या देणारे, वेबसाइटसाठी डॉट इन नाव (म्हणजे .in ने संपणारा पत्ता) घेताना पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघतात. खरा भाव नूतनीकरणाचा. तो आधी विचारा, कारण दरवर्षी तोच भरायचा आहे.

डॉट इनचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. २००५ पासून ही नावं सर्वांना खुली आहेत. रजिस्ट्रार, म्हणजे नाव विकणारी कंपनी, तिच्या मान्यताप्राप्त यादीतलाच घ्या. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायची वेळ आली तर नाव हलवायला लागणारा ट्रान्सफर कोड आपल्याला स्वतः काढता येतो का, तेही पाहून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेल आणि मोबाइलवर करा. वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या खात्यावर नको, तो कितीही भला असला तरी. माझ्या शेजारच्या काकांचं साइटचं नाव असंच गेलं. पोरगा पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि ऐन मे महिन्यात साइट बंद.

आणि हो, नाव शक्यतो पावसात घ्या. मुदत त्याच तारखेला संपते. आंब्याच्या धांदलीत ईमेल कोण बघतो?